चौथी बहीण

मैत्रिणींनो, दुपारची झाकपाक आटोपली की अर्धा तास वाचनाचा, असं मी ठरवून टाकलंय. परवा मात्र त्या अर्ध्या तासाचे तीन तास झाले आणि चहाचं आधण पार आटून गेलं!

पुस्तक होतं हूलिया अल्वारेस यांची १९९४ सालची कादंबरी, ‘इन द टाइम ऑफ द बटरफ्लाइज’. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या चार मिराबाल बहिणींची ही कथा. माणसं खरी, रंग कल्पनेचे. देशावर १९३० पासून त्रुहियो या हुकूमशहाची जरब. पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या तिघी त्याच्याविरुद्धच्या गुप्त चळवळीत उतरल्या. ‘फुलपाखरं’ हे त्यांचं टोपणनाव. धाकटीचं प्रेम तर कादंबरीत, शस्त्रं पोचवायला दारात आलेल्या तरुणावरच जडतं! २५ नोव्हेंबर १९६० ला तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परतताना तिघींना वाटेत गाठून ठार मारलं आणि अपघाताचा देखावा केला. सहाच महिन्यांत त्रुहियोही मारला गेला.

पण माझ्या मनात घर केलं ते चौथीनं, देदेनं. कादंबरीतला तिचा नवरा ‘नको’ म्हणतो, ती घरात राहते. जगते. आणि मग जन्मभर, आपण का उरलो, या प्रश्नाला तोंड देते.

तिथं मी पुस्तक मिटलं. कारण मलाही एक रात्र आठवली. शेजारच्या घरातून मारल्याचा, रडण्याचा आवाज येत होता. मी उठले, तर हे म्हणाले, “नवरा-बायकोचं भांडण, आपण मधे पडू नये.” मी पुन्हा पडून राहिले. सकाळी ती नळावर भेटली. डोळा सुजलेला. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, “पाय घसरला हो वहिनी.” मी मान डोलावली. पुढे ती बिऱ्हाड हलवून गेली.

खऱ्या देदेनं बहिणींची सहा मुलं वाढवली, त्यांच्या आठवणी २०१४ साली मरेपर्यंत जपल्या. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा दिवस ठरवला.

आपल्याला बंदुका उचलायच्या नाहीत. पण विरजण मागायला वाटी घेऊन रात्री शेजारचं दार वाजवता येतं ना? माझ्यानं तेव्हा तेवढंही झालं नाही. तुम्ही मात्र वाजवा.