निम्मी चंदी

घोडा म्हटला कीं आमच्या घरांतून अश्वमेध आठवावयाचा, नाहीं तर बखरींतील एखादी स्वारी. प्रत्यक्ष पागेंतील लिदीचा वास फार थोड्यांच्या परिचयाचा. माझ्या तो आहे, आणि त्याबरोबर एक ऋणही आहे. तें आज, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, वाचकांपुढें मांडतों.

आमचें बिऱ्हाड वाईस होतें. साल १९७०, मी बारा वर्षांचा. पलीकडच्या बोळांत एक टांगेवाले राहत. एस्. टी. स्थानकापासून मेणवलीपर्यंत त्यांचा टांगा चाले. आम्ही मुलें त्यांना काका म्हणत असूं. घोडा तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. खरारा कसा करावा, खूर उचलून त्यांतील खडे कसे काढावे, तंगाखालीं कातडें सोललें आहे कीं काय हें बोट फिरवून कसें पाहावें, हें त्यांनीं मला हौसेनें शिकविलें. घोडा दमून आला कीं ते आधीं त्याला हळूहळू फिरवीत, मग बेताबेतानें पाणी पाजीत, पुढ्यांत गवत टाकीत, आणि घाम वाळून श्वास ठिकाणावर आल्यावरच तोबरा चढवीत. घोड्याचें जठर देहाच्या मानानें लहान, आणि खाल्लेलें ओकून टाकण्याची सोय निसर्गानें त्याला दिलेली नाहीं. म्हणून थोडें थोडें, पण अनेक वेळां, हा त्याच्या आहाराचा नियम. साडेतीनशे किलोच्या जनावराला सहा-सात किलो कोरडी वैरण, वीस-पंचवीस लिटर पाणी आणि चाटावयास मिठाचा खडा, हें मुख्य अन्न. चंदी ही त्यावरची भर, आणि ती कामाच्या मापानें द्यावयाची.

श्रावणांत काकांना ताप भरला. अंथरुणावरूनच त्यांनीं मला बोलावून सांगितलें, “बाळ, जनावर तुझ्या हवालीं. पण काम न्हाई तंवर चंदी निम्मी. वर एक मूठबी न्हाई.”

पहिले दोन दिवस मीं आज्ञा पाळली. तिसऱ्या दिवशीं रिकामा तोबरा पाहून घोडा खिंकाळला, आणि माझें मन द्रवलें. मालक आजारी, त्यांत मुक्या प्राण्याची उपासमार! मीं पुरी चंदी घातली, वर आईच्या डब्यांतून आणलेला गूळ. असें पांच दिवस चाललें. घोडा तुकतुकीत दिसूं लागला आणि मला धन्य वाटलें.

आठव्या दिवशीं काका उठले व त्यांनीं टांगा जोडला. घोडा उधळल्यासारखा निघाला. अर्धा मैलही झाला नसेल, तों तो घामानें निथळला, मागचे पाय ताठले, आणि तो रस्त्यांत उभाच राहिला. पुठ्ठे हाताला लाकडासारखे लागत होते. लोक जमले. पोटशूळ आहे, फिरवा, असें सर्वांचें मत पडलें. पोटशुळांत घोड्याला हळूहळू फिरवितात हें खरें, परंतु हा पोटशूळ नव्हता. लगाम धरून त्याला ओढीत फिरविलें आणि मी मागून चाललों होतों. मग त्याला लघवी झाली, ती कॉफीसारखी काळसर. गुरांच्या दवाखान्यांतील डॉक्टर आले, त्यांनीं फिरविणें तत्काळ थांबविलें आणि काकांना एकच प्रश्न विचारला, “बसून असतांना चंदी किती होती?”

“निम्मी,” काका म्हणाले. त्यांनीं माझ्याकडे पाहिलेंही नाहीं, इतका त्यांचा विश्वास. मी गप्प राहिलों.

युरोपांत ओझ्याच्या घोड्यांना रविवारीं सुट्टी असे, पण दाणा पुरा मिळे. सोमवारीं जुंपतांच ते असे आखडत. म्हणून या विकाराला तिकडे सोमवारचा आजार म्हणूं लागले. यांत स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतील तांबडें द्रव्य लघवींतून जातें आणि मूत्रपिंडांनाही धोका पोंचतो. अशा वेळीं एक पाऊलही चालवावयाचें नाहीं. हें सर्व मीं पुष्कळ वर्षांनीं वाचलें. तोंपर्यंत वर्गांत नलोपाख्यान शिकवितांना ‘अश्वहृदय’ या समासाचा विग्रह मात्र मी खडान्‌खडा सांगत असें!

घोडा वांचला, पण मागच्या मांड्या सुकल्या. दिवाळीपूर्वीं काकांनीं तो मिळेल त्या किमतीला विकला आणि ते दुसऱ्याच्या मळ्यांत रोजानें जाऊं लागले. वाटेंत भेटले कीं “बाळ, अभ्यास कसा चाललाय?” असें विचारीत. मीं कधींच कांहीं सांगितलें नाहीं. पुढें आम्ही वाई सोडली.

गेल्या वर्षीं धाकट्या नातवाला घेऊन माथेरानला गेलों होतों. दस्तुरी नाक्यापुढें प्रवाशांच्या मोटारींना मज्जाव, त्यामुळें तेथें घोडे दृष्टीस पडतात. एका घोड्यानें मान पुढें केली, तसें नातवानें खाऊचे हरभरे मुठींत घेतले. मीं घोडेवाल्याला विचारलें, “आज किती फेऱ्या झाल्या?”

“कुठल्या, बाबा? तीन दिवस पाऊस. एकबी न्हाई.”

“मग चंदी?”

तो हंसला. “निम्मी केलीय. आज नुसता चालवीन.”

नातवाच्या मुठींतले हरभरे मीं काढून खिशांत टाकले आणि त्याच्या हातांत गवताची काडी दिली. तो खालीं उतरेपर्यंत माझ्याशीं बोलला नाहीं.