पळीभर तेल आणि सिद्धांतशिरोमणी

चाळीसगावहून पाटणादेवीला येणारे बहुतेक जण भवानीचं दर्शन घेऊन परततात. तिथल्या शिलालेखापाशी थांबतो तो एखादाच. त्यातल्या दानाची तिथी शके 1128 ची, म्हणजे इसवी सन 1207 ची. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ, आधी सिद्धांतशिरोमणी, शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. तुलनेला, पॅरिस विद्यापीठाची पहिली नियमावलीही याच सुमाराची, 1215 ची.

शिलालेख वाचणाऱ्याचं काम मजुरीपासून सुरू होतं. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, मग शाईची पुरचुंडी फिरवायची. सपाट दगड काळा उठतो, अक्षरं पांढरी राहतात. पण दगडाचा टवकाही पांढराच उठतो! तो अनुस्वार की नुसती खोबण, हे ठरवताना अर्धा दिवस जातो.

संस्कृत श्लोकांत वृत्त मदतीला येतं; मात्रा कमी पडली की अक्षर निसटल्याचं कळतं. शेवटच्या जुन्या मराठी ओळी गद्यात आहेत, तिथे असा आधार नाही. त्यांत मठाची मिळकत आहे, दर घाण्यामागे पळीभर तेलासकट. वाचणाऱ्याला याच ओळी जास्त मोलाच्या वाटाव्यात. सिद्धांतशिरोमणी पोथ्यांमधून देशभर टिकला. तो शिकवणाऱ्या मठाचा खर्च कोण उचलत होतं, हे मात्र या दगडावरून कळतं.

जुनी विद्या पुन्हा उजेडात आणणाऱ्यांचं बळ सगळीकडे सारखं नसतं. युरोपात पॅरिससारख्या मध्ययुगीन विद्यापीठांतल्या तत्त्वज्ञानाच्या पुनरुज्जीवनाने जोर धरला तो पोप तेरावे लिओ यांच्या 1879 च्या पत्रानंतर. त्याच परंपरेतला तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच्या ग्रंथांची संशोधित आवृत्ती 1882 पासून निघते आहे, अजून पुरी नाही. त्यामागे चर्चचं बळ होतं. पाटणादेवीचा लेख मात्र 1865 मध्ये जगापुढे मांडला तो डॉ. भाऊ दाजी लाडांनी, मुंबईतली डॉक्टरकी सांभाळून. पुढे 1892 मध्ये संस्कृत पंडित कीलहॉर्नने तो नव्याने संपादित केला. जवळच्याच बहाळचा 1222 चा लेखही याच घराण्याचा: भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव याचा.

धुळ्यात 1927 पासून राजवाडे संशोधन मंडळ जुनी कागदपत्रं सांभाळत आहे. दगडाला मात्र कपाट नसतं. पाटणादेवीला गेलात तर फोटोत अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू घासू नका, तेल-शेंदूर लावू नका. मोबाइलचा उजेड बाजूने तिरपा धरा, अक्षरं आपोआप दिसतात.