उशीखालचं पुस्तक

आमची मुलगी तालुक्याला कॉलेजात जाते. अंथरूण काढताना तिच्या उशीखाली सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' सापडली. १९८२ सालची ही कादंबरी. पुण्यातली कॉलेजची पोरं, त्यांचा कट्टा, त्यांचं प्रेम. चुलीत घालणार होते. मग म्हटलं, आधी वाचावी तरी.

दोन रात्री वाचली. प्रेमाइतकीच मैत्री होती. श्रेयसच्या घरात आईवडिलांचं पटत नव्हतं, तेही होतं. मन गलबललं.

सकाळी भांगलताना मीच श्रेयसचा विषय काढला. पोर आधी दचकली, मग मोकळी झाली. बोलता बोलता वर्गातल्या एका मुलाचं नाव सांगून गेली.

पुस्तक जाळलं असतं, तर ते नाव मला दुसऱ्यांकडून कळलं असतं.