निरोपाचे पत्र

भाषांतर करणाऱ्याला शब्दांची अडचण नित्याचीच असते. परंतु मध्यंतरी एका शब्दाने मला जे अडवून धरले, ती अडचण शब्दकोशाने सुटण्यासारखी नव्हती.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा निरोपाचा लेख मी मराठीत उतरवीत होते. त्याला भाषण म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्यांनी तो कोणत्याही सभेत वाचला नव्हता. दोन कारकीर्दींनंतर आपण पुन्हा उभे राहणार नाही, हे कळविणारा तो लेख १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला. संघराज्याचे ऐक्य जिवापाड जपा, कर्जाचा भार पुढच्या पिढीवर टाकू नका, ज्ञानाचा प्रसार करा, कोणत्याही परराष्ट्राविषयी कायमची आसक्ती किंवा कायमचे वैर बाळगू नका, असा उपदेश त्यात आहे.

सर्वांत कळकळीचा इशारा मात्र घरातल्याच शत्रूविषयी आहे. एका पक्षाने दुसऱ्यावर कुरघोडी करावी, दुसऱ्याने सूड उगवावा, आणि या भांडणाला विटलेल्या लोकांनी अखेर एकाच माणसाच्या हाती सारी सत्ता सोपवावी, ही भीती त्यांना वाटत होती. नवल असे की, लेखाचा पहिला मसुदा १७९२ मध्ये जेम्स मॅडिसन यांनी केला आणि १७९६ मध्ये त्याला नवे रूप दिले अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी. तोवर हे दोघे परस्परविरोधी पक्षांचे धुरीण झाले होते!

या वृत्तीला मराठीत काय म्हणावे? ‘पक्षाभिमान’ लिहिले, पण अभिमान हा आपल्याकडे बहुधा गुणच. ‘गटबाजी’ लिहिले, पण ती नेहमी दुसरेच करतात. अखेर आजीच्या तोंडचा शब्द आठवला : ‘तट’. घरात तट पडू देऊ नका, असे ती म्हणे.

शब्द सापडला आणि लेखणी थांबली. गेल्या निवडणुकीच्या वेळी नागपूरला माहेरी गेले असता दादाशी माझा वाद झाला होता. मतावरून सुरू झालेली गोष्ट माणसावर गेली. ‘गटबाजी’ हा शब्द मीच त्याच्या तोंडावर फेकला होता. पुढे भाऊबीज आली. मी गेले नाही, त्यानेही बोलावले नाही.

लेखाच्या शेवटी वॉशिंग्टन म्हणतात की, जाणूनबुजून केलेली चूक आपल्याला आठवत नाही. तरीही आपल्या हातून पुष्कळ चुका झाल्या असतील, त्या देशाने पोटात घालाव्यात. त्यांच्या चुका लहान नव्हत्या. गुलामांच्या श्रमावर त्यांची शेती चालत होती, आणि या लेखात गुलामगिरीविषयी चकार शब्द नाही. स्वतःच्या मालकीच्या गुलामांच्या मुक्ततेची तरतूद त्यांनी केली ती १७९९ च्या मृत्युपत्रात. उपदेश करणारा निर्दोष नव्हता. म्हणून उपदेश खोटा ठरत नाही. एवढ्या अधिकाराचा मनुष्य जाताना क्षमा मागतो, मग मला काय हरकत होती?

भाषांतर पुरे करून मी दुसरा कागद घेतला. ‘तीर्थस्वरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार’ एवढे लिहायला मला अर्धा तास लागला. माझे मत बदलले असे मी त्यात लिहिले नाही. ते बदललेलेही नाही. तो एक शब्द तेवढा मागे घेतला.

उत्तर अजून आलेले नाही. येत्या भाऊबीजेला मात्र मी नागपूरला जाणार आहे.