माथेरानची लाल वाट आणि नवा खुबा

माथेरानला मोटार जात नाही. नेरळहून निघालेली टॅक्सी घाट चढून दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून पुढे आपले पाय, घोडा किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून सुटणारी छोटी गाडी. अलीकडे काही ई-रिक्षाही आल्या आहेत. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर गावात इंजिनाचा आवाज नाही. म्हणून इथला घोडा चौपाटीवरच्या घोड्यासारखा दहा मिनिटांच्या हौसेपुरता नसतो. गॅसचे सिलिंडर, सिमेंटच्या गोण्या, वाण्याचा माल त्याच्याच पाठीवरून वर येतो आणि म्हातारी माणसेही त्याच्याच पाठीवरून घरी जातात.

हे गाव इंग्रजांच्या नजरेत आले १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे. पण सामान्य माणसाला वर आणले ते आगगाडीने. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही गाडी उभी केली. काम १९०१ ते १९०७ चालले, खर्च सुमारे सोळा लाख. दोन फुटी रूळ आणि एकवीस किलोमीटरची वळणे. आपल्या मुलांना ताजमहाल कोणी बांधला हे पाठ असते, पण माथेरानची गाडी कोणी आणली ते ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

माझे आजोळ नेरळचे. नानांचे दोन घोडे माथेरानात चालत आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मावस-मामे भावंडे त्यांच्या मागे वर जायचो. मुली घोड्यावर बसतात म्हणून कोणी नाक मुरडल्याचे मला आठवत नाही. खोगीर कसायला आणि खरारा करायला नानांनीच शिकवले. लग्नानंतरही वर्षातून एकदोनदा वर जाऊन लगाम हातात घेतल्याशिवाय मला चैन पडत नसे. पुढे डावा खुबा झिजला. आधी मांडी घालणे सुटले, मग जमिनीवरची नमाज खुर्चीवर आली, मग जिना. गेल्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, खुब्याचा सांधा बदलला. अल्हम्दुलिल्लाह, सहा आठवड्यांत काठी सुटली.

शस्त्रक्रियेआधीच मी डॉक्टरांना विचारले होते, घोड्यावर बसता येईल का? ते हसले नाहीत. उलट त्यांनीच विचारले, "आधी किती वर्षे बसत होता?" नंतर कळले की सगळे त्या उत्तरावर अवलंबून असते. ज्याला आधीपासून स्वारी येते त्याला बरेच डॉक्टर काही महिन्यांनी परवानगी देतात. नवा सांधा बसल्यावर हौस म्हणून पहिल्यांदा शिकू पाहणाऱ्याला मात्र बहुतेक जण नको म्हणतात. बसण्यात फारसा धोका नाही, धोका पडण्यात आहे. मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवलेली असते. पडल्यावर त्या दांडीभोवतीचे हाड मोडले तर ते जोडणे पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड होते. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात, त्या काळात तर स्वारीचा विचारही नको. मला आठ महिने थांबवले. त्या काळात मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम, रोज न चुकता.

डिसेंबरात पुतण्याला बरोबर घेऊन वर गेले. दस्तुरीपासून गाडीनेच गेले, कारण त्या वाटेवर शनिवार-रविवारी गर्दीला अंत नसतो. खरी स्वारी ठेवली दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजारापासून शार्लट तलावापर्यंत.

घोडेवाला ओळखीतला, नानांना पाहिलेला. त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते की घोडा उंच नको, रुंद पाठीचा तर नकोच. पाठ जितकी रुंद तितके पाय फाकतात आणि ताण थेट खुब्यावर येतो. त्याने एक बारीक अंगाची, वयस्क घोडी आणली. पुतण्याला ती मरतुकडी वाटली. मला ती एकदम पसंत पडली.

आता चढणे. एरवी डावा पाय रिकिबीत घालून उजवा वरून टाकायचा. त्यात डावा गुडघा कमरेच्या वर उचलावा लागतो आणि खुबा ज्या कोनात दुमडतो त्याच कोनासाठी डॉक्टर खाली बसू नका, बुटके स्टूल वापरू नका म्हणून बजावतात. तेव्हा जमिनीवरून चढणे बाद. "खाला, ओट्यावर या," घोडेवाला म्हणाला. एका बंगल्याच्या दगडी ओट्याला त्याने घोडी चिकटवून उभी केली. पुतण्याने पलीकडची रिकीब दाबून धरली, म्हणजे खोगीर सरकू नये. मी ओट्यावरून नुसता उजवा पाय पलीकडे नेला आणि अलगद बसले. उडी नाही, हिसका नाही. रिकिबी दोन भोके लांब करून घेतल्या, त्यामुळे खुबा आणि गुडघा दोन्ही मोकळे राहिले.

कोणाला यात कमीपणा वाटेल. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे गुडघ्याखालचे पाय पोलिओने लुळे पडले होते. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना माणसे लागत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीचे रौप्यपदक घेतले. मग मला ओट्याची काय लाज?

घोडी चालू लागली आणि पहिली शंभर पावले मी श्वास धरून होते. दुखले नाही. घोड्याच्या संथ चालीत बसणाऱ्याची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूला अशी हलते, जवळपास आपण स्वतः चालताना हलते तशीच. म्हणूनच काही ठिकाणी घोड्याची चाल उपचारासाठी वापरतात. आठ महिने पाऊल मोजून टाकलेल्या बाईला लंगडल्याशिवाय चालल्यासारखे वाटले. यापेक्षा नेमके सांगता येत नाही.

वाटेवर जिथे पेव्हर ब्लॉक आहेत तिथे घोडेवाल्याने स्वतः लगाम धरला. त्यावरून नाल घसरते ही इथल्या घोडेवाल्यांची जुनी तक्रार. लाल माती लागल्यावर त्याने हात सोडला. पुढे एका माकडाने झाडावरून धप्पकन उडी मारली. घोडीने फक्त कान टवकारले. तिचे वय तिथे कामी आले. माझ्या डोक्यावर हेल्मेट होते आणि ते पाहून हॉटेलच्या गच्चीवरून एक मंडळी खुदकन हसली होती. माथेरानात पर्यटक घोड्यावरून पडून दगावल्याच्या बातम्या आलेल्या आहेत, त्यामुळे हसणाऱ्यांना हसू द्यावे.

तलावाशी पोचायला अर्धा तास लागला. उतरताना पुन्हा उंच पायरी शोधली, कारण खाली उडी घेतली तर सगळा भार एकदम नव्या सांध्यावर येतो. पाण्यावर धुके होते. पुतण्याने थर्मासमधला चहा ओतला.

ज्यांचे गुडघे बदलले आहेत अशा भगिनी विचारतील, आमचे काय? गुडघ्याला रिकिबीची लांबी आणि उतरतानाचा धक्का हे दोन मुद्दे जास्त नडतात, तेव्हा आपापल्या डॉक्टरांना हेच दोन प्रश्न आधी विचारा.

मला सध्या फक्त चालीची परवानगी आहे, दुडकीची नाही. मार्चमध्ये एक्स-रे आहे. घोडेवाल्याला सांगून आले आहे, हीच घोडी ठेव, आणि येताना गूळ घेऊन येईन.