टायरला भोक हवंच!

सायकलच्या टायरमध्ये खिळा घुसला, की आपण काय करतो? तोंड पाडून पंक्चरवाल्या काकांकडे जातो. पण मित्रांनो, अशीही एक गाडी आहे, जिच्या चाकाला भोक नसेल तर ती धड पळतच नाही! ही गाडी म्हणजे रिमोटवर चालणारा ऑफ-रोड ट्रक. माती, दगड, खळगे तुडवत जाणारा, गलेलठ्ठ चाकांचा.

माझ्या भाचीकडे असा एक ट्रक आहे. दोन वर्षांची भाऊबीज आणि वाढदिवसाला मिळालेले पैसे साठवून तिनं तो घेतला. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस तो मैदानातल्या डबक्यांतून मनसोक्त धावला. तिसऱ्या दिवशी मात्र वेग घेताच थडथड करत उडायला लागला. दुकानदार म्हणाला, "टायर रिमला चिकटवलेले असतात, ते उघडत नाहीत. चारही चाकं नवी घ्या."

तेवढे पैसे तिच्याकडे नव्हते. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "मामा, टायर कुठे फाटलेला नाही, झिजलेलाही नाही. मग टाकून का द्यायचा, सांग ना!"

प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही बॅटरी सोडवली, चाकं काढली आणि एकेक चाक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. एक चाक बाकीच्यांपेक्षा तब्बल ५० ग्रॅम जड भरलं. कानाशी धरून हलवलं, तर आत चक्क पाणी!

हे पाणी आत शिरलं कसं? त्यासाठी चाकाची रचना समजून घ्यायला हवी. आपल्या सायकलच्या चाकात दाबून भरलेली हवा असते. अशा टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतलं होतं. पण तो प्रचारात आला तो जॉन बॉइड डनलॉप यांच्यामुळे. हे बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर. मुलाची तीनचाकी फार आदळते, म्हणून त्यांनी हवेचा टायर बनवला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं.

रिमोटच्या ट्रकमध्ये मात्र हवा भरत नाहीत. टायरच्या आत स्पंजासारखं फोमचं कडं असतं आणि टायरच्या कडा रिमला गोंदाने घट्ट चिकटवलेल्या असतात. ट्रक उडी मारून खाली आला, की टायर चेपतो आणि आतली हवा रिमच्या बारीक भोकांतून बाहेर पडते. टायर फुगताना ती पुन्हा आत येते. म्हणजे चाक श्वासच घेतं म्हणा ना! ही भोकं नसतील तर हवा आत कोंडते आणि ट्रक चेंडूसारखा टणाटण उसळतो.

पण ज्या वाटेनं हवा येते, त्याच वाटेनं पाणी आणि चिखलही येतो. टायर गरगर फिरतो तेव्हा पाणी बाहेरच्या बाजूला, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या रबराकडे फेकलं जातं. भोकं मात्र आतल्या बाजूला, रिमवर. मग पाणी परतणार कसं? ते फोममध्येच मुरतं.

आता जरा गणित करू या. या चाकाचा व्यास १४ सेंटिमीटर, म्हणजे परीघ ४४ सेंटिमीटर. ट्रक ताशी ३६ किलोमीटर वेगानं पळाला, तर सेकंदाला १० मीटर जातो. म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ २३ वेळा फिरतं! या वेगात ते ५० ग्रॅम पाणी रबराला सुमारे ७ किलो वजनाइतक्या जोरानं बाहेर ढकलतं. टायर फुगतो, भिजलेला फोम एका बाजूला जड होतो आणि ट्रक थडथडतो. असंच चालू राहिलं तर फोम फाटतो, गोंदही सुटतो.

यावर रिमोट ट्रकवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. पाण्याला बाहेरच पळायचं आहे ना? मग दार बाहेरच्या बाजूला करून द्यायचं! आम्ही रिमची भोकं जलरोधक चिकटपट्टीनं बंद केली. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर, नक्षीच्या दोन उंचवट्यांच्या मधोमध, समोरासमोर दोन भोकं पाडली. प्रत्येक भोक साधारण ३ मिलिमीटरचं. समोरासमोर अशासाठी, की चाकाचा तोल जाऊ नये. खिळ्यानं किंवा कात्रीनं भोक पाडायचं नाही. रबराला चीर पडते आणि ती वाढत जाते. पट्ट्याला भोकं पाडायचा नळीसारखा पंच मिळतो, तो दाबून फिरवला की स्वच्छ गोल भोक पडतं. हे काम मोठ्या माणसाकडूनच करून घ्या बरं का!

मग चाक जोरात फिरवून पाणी उडवलं आणि भोक खाली येईल असं सावलीत टांगून ठेवलं. भाची रोज वजन करून वहीत लिहायची. चौथ्या दिवशी जड चाक बाकीच्यांच्या वजनाला आलं आणि आमच्या घरात एकच आरोळी उठली!

तुमच्याकडे असा ट्रक असेल तर खेळून झाल्यावर एवढं करा. चिखल ओल्या फडक्यानं पुसा. चाकं फिरवून पाणी काढा. भोकांत माती अडकली असेल तर काडीनं काढा. टायरच्या कडेवर अंगठा दाबत गोल फिरा. कुठे कड सुटलेली दिसली तर ती जागा पुसून, वाळवून झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडायला बाबांना किंवा आईला सांगा. हा गोंद बोटंही चिकटवतो आणि त्याच्या वाफेनं डोळे चुरचुरतात, म्हणून खिडकी उघडी हवी. आणि ट्रक ठेवताना खाली एखादा ठोकळा द्या, म्हणजे चाकं अधांतरी राहतील आणि फोम एकाच बाजूनं चेपणार नाही.

भाचीचा ट्रक त्याच चार टायरांवर अजून पळतोय. नक्षी आता बरीच झिजली आहे. एक दिवस नवे टायर घ्यावे लागतीलच. त्यासाठी यंदाची भाऊबीज तिनं आत्तापासूनच राखून ठेवली आहे, आणि पंच मात्र माझ्याकडून मागून घेतला आहे.