सहीच्या आधी

८ जून
दादाने व्हॉट्सॲपवर हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. 'सोमवारी निबंधक कार्यालयात ये. दहा मिनिटांचं काम.' मोबदल्याच्या जागी 'बहीण-भावाच्या प्रेमापोटी'.

९ जून
हे म्हणतात, सही करून टाक, माहेर तुटेल. शेजारच्या काकू म्हणतात, केस ठोक. दोन्ही सल्ले फुकटातले.

११ जून
वकीलबाईंकडे गेले. नुसत्या सल्ल्याचे किती, ते आधी विचारलं. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, आमच्या वडिलांच्या, नानांच्या मृत्यूचा दाखला, सगळं टेबलावर पसरलं. 'भावाशी बोलणं आहे का?' त्यांचा पहिला प्रश्न. आहे म्हटलं. 'मग ते तोडू नका. सही मात्र नको.'

१४ जून
फोनवर दादा: 'तुझं लग्न ९२ चं. ९४ च्या आधी लग्न झालेल्यांना हक्क नाही.' कुठूनतरी पढून आलेला.
वकीलबाई हसल्या. ती अट महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीत होती. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत नाही. आई, दादा, मी. तिघांना प्रत्येकी एक-तृतीयांश.
आईचाही हिस्सा असतो, हे तिला कुणी सांगितलंय का?

२ जुलै
पेपरात जाहीर नोटीस. गट नंबर आमचा, रस्त्याकडचा तुकडा. कुणाची हरकत असल्यास १५ दिवसांत कळवावे.
सकाळचा चहा तसाच राहिला.

३ जुलै
वकीलबाईंना म्हटलं, कुणी मध्यस्थ बघू या का? 'आज नाही. मध्यस्थ विक्री थांबवू शकत नाही. आधी कागद, मग माणसं.' लेखी हरकत रजिस्टर्ड पोस्टाने. एक प्रत तलाठ्याकडे, पोच घेऊन.

२१ जुलै
दावा दाखल. सरस-निरस वाटप मागितलं. सोबत निशाणी ५, म्हणजे विक्रीला तात्पुरती मनाई. दावा चालू असल्याची लिस पेंडन्स नोटीसही दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतली. आपल्याकडे ती नोंदवावी लागते, नाहीतर पुढचा खरेदीदार हात वर करतो.
वकीलपत्र पूर्ण वाचलं. फी टप्प्याटप्प्याने, पावती घेऊन. प्रत्येक कागदाची प्रत माझ्या फायलीत.
बाईंनीच सांगितलं, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा. मी फी भरू शकते. पण माझ्यासारख्या किती जणी या एका माहितीवाचून सही करून मोकळ्या होत असतील.

२२ जुलै
दादाने माझा नंबर ब्लॉक केला.

राखीच्या आधी
राखी पाठवली. साध्या पोस्टाने. रजिस्टर्ड नको म्हटलं, नोटीस समजून परत करायचा.

१८ ऑगस्ट
दादाची कैफियत आली. 'वादी ही हेकट व लोभी स्वभावाची आहे.' दुपारभर तेच वाक्य. वकीलबाई: 'हे सगळ्याच कैफियतींत असतं. छापील समजा.'

२९ ऑगस्ट
कामाच्या मावशींची लेक घरी परत आलीय. दंडावर वळ. मावशी म्हणतात, जात-पंचाला मध्ये घालून मिटवू. वकीलबाईंना फोन लावून दिला. 'मारहाण आहे तिथे आधी मध्यस्थ नाही. घाबरलेलं माणूस तडजोड करत नाही, मान तुकवतं. संरक्षण अधिकारी गाठा.'

१२ सप्टेंबर
न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, बोलायला तयार आहात का? कलम ८९ खाली प्रकरण मध्यस्थीकडे. तोवर 'जैसे थे'. दादाने मान हलवली. माझ्याकडे बघून नाही.

२६ सप्टेंबर
मध्यस्थीची खोली. गोल टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या. मध्यस्थ स्वतः वकील. 'मी निकाल देणार नाही. इथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून येणार नाही. पटलं तर सही, नाही पटलं तर दावा आहेच.'
सगळ्यात आधी आईला विचारलं, तुम्हाला काय हवं?
आई: 'मला आजपर्यंत कुणी विचारलंच नाही.' मग बराच वेळ पदराशी चाळा.

१० ऑक्टोबर
आज मध्यस्थ प्रत्येकाशी वेगवेगळं बोलले. मग दादाच्या संमतीने मला सांगितलं. नानांच्या डायलिसिसला सोसायटीचं कर्ज काढलेलं. सातबाऱ्यावर बोजा दिसत होता. मला वाटलं, ट्रॅक्टरचा.
एवढ्या मोठ्या कैफियतीत या कर्जाची एक ओळ नाही. वकिलाला ती गरजेची वाटली नसेल. किंवा दादाने सांगितलीच नसेल.

११ ऑक्टोबर
झोप नाही. नानांच्या आजारपणात मी डबे पाठवायचे. पैशांचं मीही विचारलं नव्हतं, त्यानेही सांगितलं नव्हतं.

३१ ऑक्टोबर
ठरलं. रस्त्याकडचा तुकडा तिघांच्या सहीने विकायचा, आधी कर्ज फेडायचं. उरलेल्याचे तीन हिस्से. विहीर सामाईक.

३ नोव्हेंबर
तडजोडीचा मसुदा वकीलबाईंनी लाल पेनने वाचला. 'यथावकाश' खोडलं, तारीख घातली. 'विहिरीचा वापर समजुतीने' याच्या जागी कुणाची पाळी कुठल्या वारी, मोटारीचं बिल कोण भरणार, पाइपलाइन कुणाच्या बांधावरून. मला वाटलं, एवढं कशाला? 'समजूत आज आहे. पाणी मे महिन्यात आटतं.'

१४ नोव्हेंबर
कोर्टात तडजोड दाखल. तिघांच्या सह्या, दोन्ही वकिलांच्या सह्या. आईने अंगठा नाही, सही केली. वेळ लागला. न्यायाधीश थांबले.
तडजोडीप्रमाणे हुकूमनामा होईल. जमीन शेतीची, म्हणून पुढचं वाटप कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. मग मोजणी, मग फेरफार. म्हणजे काम अजून आहेच.

२३ नोव्हेंबर
दादाचा फोन. नंबर कधी सुरू केला कोण जाणे. 'मोजणीला येशील ना? जेवण इथेच.'
वकीलबाईंना विचारलं, तुम्ही यायला हवं का? 'मी कशाला? जेवून या. पंचनाम्यावर सही मात्र वाचल्याशिवाय नको. दादांनाही तेच सांगा.'
सांगितलं. म्हणाला, 'मग तूच वाच मोठ्याने. माझा चष्मा फुटलाय.'